सहाशे पंचवीस रेषांचे शहर

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी टेलिव्हिजनचा प्रायोगिक प्रारंभ होऊन तेरा वर्षे उलटल्यानंतर, १९७२ सालच्या गांधीजयंतीला, वरळीच्या केंद्रातून मुंबईकरांसाठी पहिले चित्र प्रक्षेपित झाले, तेव्हा या शहराच्या पदरी एक संख्या पडली. ती कोणी मागितली नव्हती, बहुतेकांना ती ठाऊकही नव्हती, आणि तरीही पुढची चाळीस वर्षे गिरगावच्या वाड्यांपासून लालबागच्या चाळींपर्यंत घरोघरच्या दृष्टीचा बंदोबस्त तिनेच केला. ती संख्या म्हणजे ६२५. चित्र इतक्या आडव्या रेषांत विभागावे, सेकंदाला पंचवीस वेळा ते पुरे करावे, आणि रुंदी-उंचीचे प्रमाण चारास तीन असे राखावे, हा तो दंडक होता. आज टेलिव्हिजन, लॅपटॉप किंवा मॉनिटर विकताना दुकानदार १३६६ × ७६८, १९२० × १०८०, ३८४० × २१६० अशा ज्या संख्या तोंडपाठ म्हणून दाखवतो, त्या सर्वांचा पूर्वज या शहरापुरता हाच. आणि पूर्वजाची कुळकथा नीट कळली म्हणजे वंशजांचे दावे किती खरे आणि किती फुगवलेले, हेही उमगू लागते.

ज्या ब्रिटनकडून टपाल, रेल्वे, न्यायदानाची रीत आणि कचेरीतील लाल फीत हे सारे आपण वारशाने घेतले, त्या ब्रिटनची रेषासंख्या मात्र आपण घेतली नाही, हे प्रथम नमूद केले पाहिजे. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने जी नियमित सेवा सुरू केली ती लवकरच ४०५ रेषांवर स्थिरावली. अमेरिकेने १९४१ साली ५२५ रेषा मुक्रर केल्या. फ्रान्सने युद्धोत्तर उमेदीच्या भरात थेट ८१९ रेषांचा हट्ट धरला. आणि युरोपातील उरलेल्या बहुतेक राष्ट्रांनी ६२५ या आकड्यावर जो तह केला, त्याच तहनाम्यात आपणही सामील झालो. उशिरा आलेल्याला पंक्तीत कधी कधी ताजे वाढले जाते, तसे हे झाले. कारण ब्रिटनला १९६४ पासून ६२५ रेषांची नवी सेवा उभारूनही जुन्या संचांच्या धन्यांसाठी त्या ४०५ रेषांचा संसार १९८५ पर्यंत चालवावा लागला.

या आकड्यामागे सौंदर्यदृष्टी शोधू जाणाऱ्याची निराशा होईल. त्यामागे विजेचे खाते आहे. युरोपात आणि आपल्याकडे घरात येणारी वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते, अमेरिकेत साठ. चित्राची लय विजेच्या लयीशी जुळली नाही तर त्या काळच्या संचांत पडद्यावरून काळसर पट्टे सरकत राहत, म्हणून पन्नास आवर्तनांच्या देशांत सेकंदाला पन्नास अर्धचित्रे, म्हणजे पंचवीस पूर्ण चित्रे, हे आपोआपच ठरून गेले. अर्धचित्रे अशासाठी की, एका खेपेत विषम क्रमांकाच्या आणि दुसऱ्या खेपेत सम क्रमांकाच्या रेषा रेखाटल्या म्हणजे प्रक्षेपणाचा मार्ग न वाढवता डोळ्याला लुकलुक कमी जाणवते. आणि या दोन खेपा एकमेकींच्या मधोमध नेमक्या बसाव्यात म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला अर्धी रेषा अधिक यावी लागते, म्हणजेच रेषांची एकूण संख्या विषम असावी लागते. शिवाय ती लहान विषम अवयवांत फुटणारी हवी होती, कारण निर्वात नळ्यांच्या त्या युगात मोठ्या वारंवारितेला तीन, पाच, सात अशा आकड्यांनी टप्प्याटप्प्याने भागत जाणे एवढेच भरवशाने साधत असे. ६२५ म्हणजे पाचाचा चौथा घात. त्यास पंचविसाने गुणिले असता येणारी १५,६२५ ही संख्या अमेरिकेच्या १५,७५० च्या इतकी निकट आहे की दोन्ही खंडांतील संचांचे पुष्कळसे भाग सारखेच वापरता आले. ज्या पन्नास आवर्तनांच्या विजेवर परळ-लालबागच्या गिरण्या चालत होत्या, तिनेच त्या गिरण्यांतील साचेवाल्याच्या घरातल्या पडद्यावरील चित्राचा वेगही ठरवला होता.

परंतु ६२५ पैकी सर्व रेषा चित्राच्या कामी येत नसत. किरणशलाका तळाशी पोहोचल्यावर तिला पुन्हा माथ्यावर आणण्यात पन्नासेक रेषा खर्ची पडत, आणि प्रत्यक्ष दृष्टीस पडत त्या सुमारे ५७५. आडव्या दिशेने तर मोजण्याजोगे ठिपकेच नव्हते; एका रेषेवर उजेड-अंधाराचे किती चढउतार मावतील हे प्रक्षेपणाला मंजूर झालेल्या पाच मेगाहर्ट्झच्या रुंदीवर अवलंबून असे, आणि ते हिशेबाने सुमारे ५२० भरत. म्हणजे आजच्या परिभाषेत बोलायचे तर मुंबईच्या पहिल्या टेलिव्हिजनचे चित्र फार तर तीन लक्ष ठिपक्यांचे होते. आणि हवा, तार व संच यांनी आपापला हिस्सा कापून घेतल्यावर हाती येत ते त्याहूनही कमी.

गिरगावच्या डोळ्याला ठिपक्यांतून चित्र पाहण्याचा सराव मात्र नवा नव्हता. मराठी मुद्रणाचे हे माहेरघर. खटाववाडीतील मौज प्रेसपासून गल्लीबोळांतील लहान छापखान्यांपर्यंत सर्वत्र छायाचित्रांचे ब्लॉक ठिपक्यांच्या जाळीतूनच छापले जात, आणि दैनिकाच्या भरड कागदावर जाळी जाड, तर दिवाळी अंकाच्या गुळगुळीत कागदावर बारीक, हा भेद इथल्या जुळाऱ्याला शाळेतील पाढ्यांइतका पाठ होता. दैनिकातील चित्र हातभर दूर धरले की एकसंध दिसते आणि नाकाशी आणले की विसकटते, हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याला या लेखाचा निम्मा विषय समजलाच म्हणायचा.

प्रारंभीची काही वर्षे टेलिव्हिजन हा आकाशवाणीच्याच खात्याचा पोटविभाग होता. १ एप्रिल १९७६ रोजी तो वेगळा होऊन दूरदर्शन या नावाने नांदू लागला. संच बाळगण्यास रेडिओप्रमाणेच परवाना लागे, तो पोस्ट कचेरीत काढावा लागे, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत हा द्राविडी प्राणायाम चालू होता. संचही असा की, लाकडी पेटीला सरकती दारे, दारांना कुलूप, आणि वर घरच्या बाईने विणलेला रुमाल. मजल्यावर असा एखादाच संच असे, आणि शनिवारी मराठी व रविवारी हिंदी चित्रपट सुरू झाला की त्या एका खोलीत मजल्यावरची माणसे दाटीवाटीने बसत. ज्यांना आत जागा मिळत नसे ते गॅलरीत उभे राहून खिडकीच्या गजांतून पाहत.

येथे थोडे गणित केले पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर आधारलेले आहे. निरोगी डोळा एका कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा कोन करणाऱ्या दोन ठिपक्यांना पृथक् ओळखू शकतो. त्याहून लहान कोनातील ठिपके त्याच्या लेखी एकच होत. या नियमाने ५७५ रेषांचे चित्र त्याच्या उंचीच्या सुमारे सहापट अंतरावरून पाहिले म्हणजे रेषा दिसेनाशा होतात आणि तपशीलही वाया जात नाही. त्या काळच्या वीस इंची संचाच्या चित्राची उंची बारा इंच. तिची सहापट म्हणजे सहा फूट. आता वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील बीडीडी चाळींच्या २०७ इमारतींतील खोली पाहा: १९२० नंतरच्या काही वर्षांत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेली, १६० चौरस फुटांची. भिंतीशी संच ठेवून समोरच्या भिंतीला पाठ टेकणारे आजोबा आठ-दहा फुटांवर, मधली मंडळी सहा फुटांच्या आसपास, आणि पुढे जमिनीवर मांडी घातलेली मुले तीन-चार फुटांवर. म्हणजे मधल्या रांगेला चित्र जसे असावे तसे दिसे, आजोबांना त्यातील काही तपशील मुळीच पोहोचत नसे, आणि मुलांना रेषा मोजता येत. मुलांना मागे ओढण्यासाठी घरोघर जो आरडाओरडा होई तो डोळे बिघडण्याच्या भयाने. पण शास्त्राचा कौलही मधल्या रांगेच्याच बाजूने होता.

रेषांची संख्या केंद्राने ठरवली तरी त्यांतील किती पदरी पडतात हे गच्चीवर ठरत असे. जपानमधील यागी आणि उदा या दोघा संशोधकांनी १९२६ साली सिद्ध केलेला अॅल्युमिनियमच्या आडव्या दांड्यांचा अँटेना सत्तरच्या दशकात मुंबईच्या कौलांवर आणि गच्च्यांवर असा उगवला की, गणपतीच्या दिवसांत पताका कोठे बांधाव्या हा मंडळांना प्रश्न पडावा. वरळीला पुढे सुमारे ३०० मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला, आणि त्याच्या छायेतील चाळींत संचाच्या डोक्यावरच्या दोन पत्र्याच्या काड्याही पुरत. परंतु गिरगावात, जेथे मनोरा आणि खिडकी यांच्यामध्ये नव्या गगनचुंबी इमारती आडव्या येत, तेथे दुसराच उपद्रव होई. सरळ येणाऱ्या लहरीबरोबर एखाद्या इमारतीवर आपटून आलेली लहरही त्याच अँटेनात शिरे. ही दुसरी लहर ६०० मीटर अधिक चालून आली तर तिला दोन मायक्रोसेकंद उशीर होई. एक रेषा पडद्यावर ५२ मायक्रोसेकंदांत रेखाटली जात असल्यामुळे वीस इंची संचावर त्या उशिराचे दीड सेंटिमीटर अंतर होई, आणि बातम्या सांगणाऱ्या व्यक्तीच्या शेजारी, पाहणाऱ्याच्या उजवीकडे, तिचाच फिकट जुळा भाऊ किंवा बहीण उभी राही. मग थोरला मुलगा गच्चीवर, धाकटा जिन्यात आणि आई संचापुढे, अशी तीन टप्प्यांची डाक बसे, ‘आलं का?’ हा प्रश्न वरून खाली आणि ‘होतं ते पण गेलं!’ हे उत्तर खालून वर जाई. लहर क्षीण असली म्हणजे पडद्यावर मुंग्या येत. त्यासाठी बूस्टर नावाची डबी मिळे, जी बहुधा चित्राबरोबर मुंग्यांचेही बळ वाढवी.

तीन लक्ष ठिपक्यांच्या या दारिद्र्याने कार्यक्रमांचे रूपही घडवले, याची दखल आपल्या समीक्षकांनी पुरेशी घेतलेली नाही. दूरच्या दृश्यात माणूस ओळखू येत नसे, म्हणून निर्माते कॅमेरा जवळ नेत आणि चेहऱ्यावर भर देत. स्मिता पाटील यांनी सत्तरच्या दशकाच्या आरंभी मुंबई केंद्रावरून मराठी बातम्या दिल्या तेव्हा प्रेक्षकांच्या स्मरणात राहिले ते डोळे. आणि पुढच्या मालिकेत चिमणरावांच्या भूमिकेतील दिलीप प्रभावळकर व गुंड्याभाऊंच्या भूमिकेतील बाळ कर्वे यांचे नाट्य मुद्राभिनयावर आणि संवादांवर तोलले गेले, नेपथ्यावर नव्हे. क्रिकेटची मात्र पंचाईत होती. वीस मीटर रुंदीचे मैदान पडद्यावर घेतले तर एका ठिपक्याच्या वाट्याला जवळजवळ चार सेंटिमीटर येत, आणि चेंडूचा व्यास सुमारे सव्वासात सेंटिमीटर. म्हणजे गावसकरांच्या बॅटीवरून निघालेला चेंडू पडद्यावर जेमतेम दोन ठिपक्यांचा. तो कोठे गेला हे क्षेत्ररक्षक कोणीकडे धावतो त्यावरून ताडायचे. देवनागरी अक्षरेही पडद्यावर मोठ्ठी काढावी लागत. त्या सर्वांत सुवाच्य, आणि बहुधा सर्वाधिक वेळा वाचली गेलेली पाटी ‘व्यत्यय’ ही होती.

१९८२ साली रंग आले. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून झालेले पंतप्रधान इंदिरा गांधी यांचे भाषण आणि १९ नोव्हेंबरपासून दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धा ही त्याची निमित्ते. सरकारने रंगीत संचांच्या आयातीची दारे त्यासाठी किलकिली केली. मुंबईच्या इतिहासात मात्र ते वर्ष दुसऱ्याच कारणाने कोरले गेले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगारांनी जो संप पुकारला, तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. आणि दादरच्या दुकानांच्या काचेआड रंगीत पडदे उजळले त्या दिवाळीत लालबाग-परळच्या खोल्यांत भांडीकुंडी गहाण पडत होती. ज्यांच्याकडे कृष्णधवल संच होता त्यांनी तोच ठेवला. काहींनी त्यावर निळसर, तांबूस आणि हिरवट पट्ट्यांचा पारदर्शक कागद बसवला, ज्यामुळे आकाश निळे, माणसे तांबडी आणि जमीन हिरवी दिसे, मग माणूस झोपलेला असला तरी त्याचे पाय हिरवे होवोत. विज्ञानाच्या दृष्टीने नवलाची गोष्ट अशी की, रंग आले तरी रेषा एकीनेही वाढल्या नाहीत. पॅल नावाच्या जर्मन पद्धतीने रंगांचा मजकूर त्याच ६२५ रेषांच्या फटींत दडवून पाठवला जाई, आणि त्याचा तपशील उजेडाच्या तपशिलाच्या चौथाईएवढाच असे. डोळा रंगांच्या कडांविषयी उदासीन असतो या निसर्गाच्या सवलतीवर सारा डोलारा उभा होता. आजच्या मोबाइलमधील चित्रफीतही याच सवलतीवर जगते.

पुढच्या दहा वर्षांत चित्र सुधारले असे कोणी समजू नये. ते वाढले, सुधारले नाही. सत्यनारायणाच्या पूजेला आणि गणेशोत्सवात रात्रभर भाड्याने व्हिडिओ लावण्याची जी प्रथा चाळींत पडली, त्या व्हीएचएस फितीत एका रेषेवर जेमतेम ३२० चढउतार मावत, आणि प्रतीवरून प्रत काढलेल्या फितीत त्याहूनही कमी. तरी मध्यरात्री तिसरा चित्रपट लागेपर्यंत चौक भरलेला असे. आखाती युद्धाच्या निमित्ताने १९९१ साली उपग्रहवाहिन्या अवतरल्या, झी टीव्ही १९९२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झाला, आणि एका इमारतीवरून दुसरीवर लोंबणाऱ्या केबलने अँटेनाला पदच्युत केले. वाहिन्या एक-दोनाच्या पन्नास झाल्या. रेषा ६२५ च्या ६२५.

रेषांच्या या राज्याला पहिले आव्हान मिळाले ते टेलिव्हिजनकडून नव्हे, तर ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून, ज्याचे अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे आणि जे फक्त टपालात वापरले जाते. रेडिओच्या व्हॉल्व्हपासून ट्रान्झिस्टरपर्यंत सारे सुटे भाग विकणाऱ्या या पेठेत नव्वदच्या दशकात संगणक जुळवून देण्याचा धंदा फोफावला, आणि तेथे ठिपके प्रथमच नगास मोजून विकले जाऊ लागले. आयबीएमने १९८७ साली आणलेली व्हीजीए नावाची मांडणी ६४० × ४८० ठिपक्यांची, म्हणजे तीन लक्ष सात हजारांची होती. वरळीच्या चित्राचीही पुंजी साधारण तेवढीच. परंतु टेलिव्हिजन सहा फुटांवरून पाहायचा आणि मॉनिटर दीड-दोन फुटांवरून, त्यातही चेहरा नव्हे, तर अक्षर; म्हणून जी संपत्ती तेथे पुरे ती येथे अपुरी ठरे.

ही अपुरी संपत्ती रोमन लिपीला कशीबशी भागे, देवनागरीला मुळीच नाही, आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण मला हेच वाटते. संगणकाच्या सुरुवातीच्या रंगीत मांडणीत एका अक्षराला आठ बाय आठ ठिपक्यांचे घर मिळे, कृष्णधवल मांडणीत नऊ बाय चौदाचे. आता ‘राष्ट्र’ किंवा ‘कीर्तीं’ असा शब्द त्या घरात बसवून पाहा: मधोमध अक्षराचा देह, वर शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार किंवा जोडाक्षराची शेपटी; आठ ठिपक्यांच्या उंचीत वेलांटी आणि अनुस्वार एकमेकांत मिसळून जातात. हे दुःख केवळ आपले नव्हते. १९८२ साली व्हॅन सुवन्नुकुल या थाई विद्यार्थ्याने अमेरिकेत आपली मातृलिपी पडद्यावर लिहिता यावी म्हणून ७२० × ३४८ ठिपक्यांचे कार्ड तयार केले, आणि हर्क्युलीस या नावाने ते जगभर खपले. रोमन लिपीच्या पडद्याची प्रतिष्ठा अशी एका आशियाई लिपीच्या गरजेतून वाढली. आपल्याकडे आयआयटी कानपूरमध्ये आरंभ झालेले आणि १९८८ नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये मोहन तांबे यांच्या मार्गदर्शनाखाली वाढलेले जिस्ट कार्ड त्याच गरजेचे अपत्य. ते संगणकात खोचले म्हणजे मूळच्या इंग्रजी आज्ञावल्यांतही देवनागरी उमटे, आणि सरकारी कचेऱ्यांतील मराठीकरणाला पडद्यावर पाय ठेवायला जागा मिळाली.

गिरगाव-दादरच्या छापखान्यांतील खिळे जाऊन डीटीपी आले, तेव्हा चौदा इंची पडद्यावर इंचास साठ-पासष्ट ठिपके आणि लेझर प्रिंटरमध्ये इंचास तीनशे, अशी तफावत होती. पडद्यावरचा ऱ्हस्व-दीर्घ विश्वासार्ह नसे. मुद्रितशोधक कागदावर प्रत काढल्यावाचून हात लावत नसत, आणि त्यांचे बरोबरच होते. पुढे मुंबईतील सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी मंगल हा टंक रेखला व तो विंडोज २००० बरोबर घरोघर पोहोचला. त्याच्या वळणाला नाके मुरडणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, बोरूला ज्या जाडबारीक छटा सहज साधतात त्यांतील बहुतेक, इंचाला शंभराहून कमी ठिपक्यांच्या पडद्यावर उमटूच शकत नव्हत्या. त्या मर्यादेत अक्षर वाचता येईल असे ठेवणे हेच कौशल्य होते, आणि ते जोशींनी निभावले.

टेलिव्हिजनच्या जगात सत्तांतर झाले ते पुष्कळ उशिरा. २०१० साली दिल्लीतील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या वेळी दूरदर्शनने १०८० रेषांचे प्रक्षेपण केले. आणि ३१ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री मुंबईतील केबलवरील जुने सादृश (अॅनालॉग) चित्र बंद होऊन घरोघर सेट-टॉप बॉक्स आले. तरीही ६२५ चा वारस मागे उरलाच. १९८२ साली आंतरराष्ट्रीय समितीने जुन्या चित्राचे अंकीय रूप ठरवताना ७२० × ५७६ ही मांडणी पक्की केली होती, आणि जी वाहिनी ‘एचडी’ म्हणून जादा पैसे देऊन घेतलेली नाही ती आजही साधारण याच दर्जाने येते. ३८४० × २१६० च्या पडद्यावर ती लावली म्हणजे एका मूळ ठिपक्याला बरोबर वीस ठिपके व्यापावे लागतात. उरलेले एकोणीस संचाने अदमासाने रंगवलेले असतात. नव्या संचावर जुनी मालिका धुरकट दिसते अशी तक्रार घेऊन दुकानात जाणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

दुकानातील इतर संख्यांचेही असेच आहे. १३६६ हा विचित्र आकडा जुन्या १०२४ × ७६८ मॉनिटरची उंची कायम ठेवून रुंदी सोळास नऊ या प्रमाणात ताणल्याने जन्मला. ७६८ गुणिले सोळा भागिले नऊ यांचे उत्तर १३६५ पूर्णांक एक तृतीयांश येते, ते वरच्या पूर्णांकावर नेले. ‘एचडी रेडी’ म्हणून विकले गेलेले कितीतरी संच याच मांडणीचे होते. ते १०८० रेषांचे चित्र स्वीकारतात, दाखवत नाहीत. १०८० ही संख्या उंचीवरून घेतलेली, आणि ‘फोर-के’ रुंदीवरून. माप बदलल्यामुळे दुप्पट रेषा चौपट झाल्यासारख्या भासतात, जरी ठिपके खरोखरच चौपट असले तरी. शिवाय जुन्या काचेच्या नळीला कोणतीही मांडणी चाले. एलसीडी-एलईडीच्या पॅनेलला ठिपक्यांची जाळी जन्मतःच ठरलेली असते, म्हणून संगणकाच्या सेटिंगमध्ये पॅनेलच्या मूळ मांडणीहून वेगळी संख्या निवडली की अक्षरे गढूळ होतात. डोळ्यांचा चष्मा बदलण्यापूर्वी ही सेटिंग एकदा पाहावी.

आता पुन्हा त्या एका कलेच्या नियमाकडे वळू. १०८० रेषांसाठी, म्हणजे फुल एचडीसाठी, अंतर उंचीच्या सव्वातीनपट, २१६० रेषांसाठी, म्हणजे फोर-केसाठी, दीडपटीहून किंचित अधिक. त्रेचाळीस इंची संचाची उंची एकवीस इंच. म्हणजे फुल एचडीचा पूर्ण लाभ साडेपाच फुटांवर, आणि फोर-केचा जेमतेम पावणेतीन फुटांवर. पंचावन्न इंची संचालाही सात फुटांपलीकडे बसलात तर फुल एचडी आणि फोर-के यांतील रेषांचा भेद डोळ्याच्या कक्षेबाहेर जातो. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे मिळतात, आणि तेथे बैठकीचे अंतर वाढणार आहे, घटणार नाही. म्हणजे नव्या घरासाठी अधिक रेषांचा संच घ्यावा हा युक्तिवाद उलट्या पायांचा आहे. अधिक उजळ पडदा, खोल काळा रंग यांसाठी महाग संच घेणे वेगळे. त्याची किंमत डोळ्याला कळते. लालबागमध्ये गणेशोत्सवाच्या दिवसांत रस्त्यावर जे भव्य एलईडी पडदे उभे राहतात, त्यांवरूनही हेच सिद्ध होते: चार मिलिमीटर अंतराने दिवे बसवलेला बारा फूट रुंद पडदा आडव्या दिशेने हजार ठिपक्यांचाही नसतो, दर्शनाच्या रांगेतील माणसाच्या हातातला मोबाइल त्याहून श्रीमंत असतो, पण पंचेचाळीस फुटांवरून त्या पडद्यातील दिवे एकमेकांत मिळून जातात आणि मूर्तीचे मुख स्वच्छ दिसते.

याच नियमाने उलट बाजूचा निकाल लागतो तो लॅपटॉपचा. वीस इंचांवरून वाचणाऱ्या डोळ्याला इंचास सुमारे १७० ठिपके ओळखता येतात, १५.६ इंची लॅपटॉपवर १३६६ × ७६८ ची मांडणी इंचास शंभर देते आणि १९२० × १०८० ची १४१. येथे प्रत्येक ठिपका उपयोगी पडतो, आणि ज्याला जोडाक्षरे, रफार, अनुस्वार वाचायचे आहेत त्याला तर रोमन वाचकाहून अधिक. तेव्हा लॅमिंग्टन रोडला किंवा दादरला जाण्यापूर्वी घरी बसण्याच्या जागेपासून भिंतीपर्यंतचे अंतर टेपने मोजून न्यावे. ते आठ फूट असेल तर त्रेचाळीस इंचांच्या फोर-के संचासाठी, केवळ रेषांच्या नावाने, जादा रक्कम मोजू नये, आणि वाचलेले पैसे मुलांच्या लॅपटॉपचा पडदा फुल एचडी घेण्यात घालावेत.